मधुमेहाच्या औषधपुरवठ्यात आणि रुग्णसेवेत काम करायचे असेल तर

मधुमेहाशी संबंधित क्षेत्रात नोकरी किंवा व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणांच्या डोळ्यांसमोर बहुधा दोनच माणसे असतात, एक डॉक्टर आणि दुसरा औषधाच्या दुकानातला माणूस. इन्सुलिनची एक कुपी कारखान्यातून निघून सांगोला किंवा जत तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या रुग्णापर्यंत पोहोचते, तेव्हा ती कंपनीचा डेपो, स्टॉकिस्टचे (म्हणजे दुकानांना माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याचे) गोदाम, शीतपेटी भरणारा कामगार, ती पोहोचवणारा मुलगा आणि काउंटरवरचा फार्मासिस्ट अशा अनेक हातांमधून गेलेली असते. कुपी घरी पोहोचल्यानंतर ती कशी टोचायची हे शिकवणारी परिचारिका, जेवणाचे वेळापत्रक बसवून देणारी आहारतज्ज्ञ, रक्त तपासणारा तंत्रज्ञ आणि पाय व डोळे तपासणारी माणसे लागतातच. यांपैकी प्रत्येक जागा हे एक स्वतंत्र करिअर आहे आणि बहुतेक ठिकाणी नीट तयार झालेल्या माणसांची वानवा आहे.

गरज किती मोठी आहे, याची कल्पना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या पाहणीवरून येते. सुमारे १ लाख १३ हजार लोकांच्या तपासणीवर आधारलेले तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के आढळले. एवढ्या लोकांना गोळ्या, इन्सुलिन, सुया, साखर मोजायच्या पट्ट्या आणि सल्ला आयुष्यभर पुरवायचा आहे आणि तो एका दिवसाचाही खंड न पडता पुरवायचा आहे. टाइप १ मधुमेह, म्हणजे ज्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तो प्रकार, असलेल्या मुलाच्या बाबतीत तर इन्सुलिनचा दोन दिवसांचा खंडसुद्धा जिवावर बेतू शकतो.

या लेखात जो सल्ला आहे तो थोडक्यात असा: आधी अशी पदवी किंवा पदविका घ्या की जिच्या आधारे एखाद्या वैधानिक परिषदेकडे तुमची नोंदणी होईल, आणि मधुमेहाचे खास कौशल्य त्यानंतर तिच्यावर चढवा. हा क्रम उलटा करणारे अनेक विद्यार्थी दिसतात. बारावीनंतर ‘डायबेटिस एज्युकेटर’चा, म्हणजे रुग्णाला मधुमेहाची काळजी घ्यायला शिकवणाऱ्याचा, काही आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम करून ते नोकरी शोधायला लागतात आणि प्रत्येक रुग्णालयात त्यांना एकच प्रश्न विचारला जातो: तुम्ही मुळात कोण, परिचारिका, फार्मासिस्ट की आहारतज्ज्ञ? केवळ त्या प्रमाणपत्राने औषध देण्याचा, इंजेक्शन टोचण्याचा किंवा रक्त काढण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार मिळत नाही. तेच प्रमाणपत्र नोंदणीकृत परिचारिकेने किंवा फार्मासिस्टने घेतले तर मात्र त्याचे वजन लगेच वाढते.

पाया कोणता निवडावा

औषधांची बाजू आवडत असेल तर फार्मसीचा मार्ग सर्वांत मोकळा आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित असेल, तर दोन वर्षांची डी. फार्म. किंवा चार वर्षांची बी. फार्म. करता येते. महाराष्ट्रात बी. फार्म.च्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी ही परीक्षा आहे. डी. फार्म.नंतर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि २०२२ च्या नियमावलीने त्यात एग्झिट परीक्षेची भर घातली आहे. त्यानंतर १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलकडे, गोव्यात असाल तर गोवा स्टेट फार्मसी कौन्सिलकडे, नोंदणी करायची. घरची परिस्थिती बेताची असेल आणि लवकर कमावणे भाग असेल, तर मी डी. फार्म.ची शिफारस निःसंकोचपणे करेन, कारण पुढे बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि तोपर्यंत काउंटरचा जो अनुभव गाठीशी जमतो तो कोणत्याही वर्गात मिळत नाही. मात्र महाविद्यालय निवडताना ते फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने मान्यता दिलेले आहे का, आणि ती मान्यता चालू वर्षापुरती तरी आहे का, हे कौन्सिलच्या यादीत स्वतः पाहून घ्या. जाहिरातीवर किंवा एजंटच्या शब्दावर विसंबून प्रवेश घेतलेल्यांची नोंदणी पुढे अडकते आणि वाया गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

रुग्णाच्या थेट सहवासात काम करायचे असेल तर नर्सिंगला पर्याय नाही. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका) दोन वर्षांचे, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) तीन वर्षांचे आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असते आणि नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. मधुमेहाच्या खास क्लिनिकमध्ये, अतिदक्षता विभागात आणि गरोदरपणातील मधुमेहाच्या तपासणीत परिचारिकेचे काम सर्वांत जास्त असते.

आहारतज्ज्ञ व्हायचे असेल तर गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्रातील पदवी आणि शक्यतो पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि निर्मला निकेतन ही या विषयाची जुनी ठिकाणे आहेत. इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना मोठी रुग्णालये प्राधान्य देतात. आहारतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि नेत्रतपासनीस यांच्या शिक्षणाला व नोंदणीला एक चौकट असावी म्हणून २०२१ मध्ये केंद्राने सहयोगी आरोग्यव्यवसायांचा स्वतंत्र कायदा केला आहे. त्यामुळे या तीन शाखांपैकी कोणतीही निवडताना अभ्यासक्रम या कायद्याच्या चौकटीत बसतो का, हे महाविद्यालयाला लेखी विचारावे.

प्रयोगशाळेकडे ओढा असणाऱ्यांना डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) किंवा त्या विषयाची पदवी आहे. मधुमेहाच्या तपासण्यांत या माणसाच्या हातून होणारी चूक सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. साखरेचा नमुना फ्लुओराइड असलेल्या राखाडी झाकणाच्या नळीत न घेता साध्या नळीत घेतला आणि दुपारपर्यंत तसाच ठेवला, तर रक्तातल्या पेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा, नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत जातो. गावोगावच्या शिबिरांतून नमुने गोळा करून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवणाऱ्या संस्थांना ही शिस्त पाळणारे तंत्रज्ञ हवेच असतात.

डोळ्यांच्या पडद्याचे छायाचित्र काढून मधुमेहाने झालेली इजा शोधणारा ऑप्टोमेट्रिस्ट आणि पायाच्या जखमेवरचा भार कमी करणारी पादत्राणे व आधार बनवणारा ऑर्थोटिस्ट, ही दोन कामे फारशी कोणाला माहीत नसतात. दुसऱ्या कामाचे पदवी शिक्षण मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत मिळते. हाताने वस्तू घडवण्याची आवड असलेल्या विद्यार्थ्याने या शाखेचा विचार जरूर करावा.

पुरवठ्याची बाजू

औषधांच्या घाऊक व्यापाराचे महाराष्ट्रातले जुने केंद्र म्हणजे मुंबईची प्रिन्सेस स्ट्रीट, आणि पुण्यात सदाशिव पेठ. या व्यापारात शिरण्यासाठी एखाद्या स्टॉकिस्टकडे वर्ष-दोन वर्षे नोकरी करणे हा उत्तम मार्ग आहे, कारण बॅच नंबर, शॉर्ट एक्सपायरीचा माल, कंपनीकडे परत करायचा माल, स्कीम आणि उधारी यांची सांगड कशी घातली जाते हे तिथेच कळते.

स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर परवान्यांचे गणित आधी समजून घ्या. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याचे नियम १९४५ चे आहेत. किरकोळ विक्रीसाठी साधारण औषधांचा परवाना नमुना २० मध्ये आणि परिशिष्ट सी व सी-१ मधील, म्हणजे लसी व इन्सुलिन यांसारख्या, औषधांचा नमुना २१ मध्ये मिळतो. घाऊक विक्रीसाठी हेच परवाने २०-बी आणि २१-बी या नमुन्यांत असतात. इन्सुलिन परिशिष्ट सीमध्ये येते, म्हणून नुसत्या २० किंवा २०-बीवर ते ठेवता येत नाही. दुकानासाठी किंवा गोदामासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते आणि किरकोळ व घाऊक दोन्ही एकाच ठिकाणी करायचे असेल तर १५ चौरस मीटर. किरकोळ विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच होऊ शकते. घाऊक विक्रीत फार्मासिस्ट नसला तरी औषधविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर किंवा चार वर्षांचा अनुभव असलेला दहावी उत्तीर्ण माणूस सक्षम व्यक्ती म्हणून चालतो. फार्मसी न शिकलेल्या पण या व्यापारात मुरलेल्या माणसासाठी ही तरतूद मोलाची आहे. अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे करायचा असतो.

ग्लुकोमीटर, पट्ट्या, इन्सुलिन टोचायच्या पेनच्या सुया आणि साखर सतत मोजणारे सेन्सर यांचा व्यापार वेगळ्या नियमांत बसतो. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये झाले आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर केवळ उपकरणे विकणाऱ्यांसाठी एमडी-४२ या नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्राची सोय झाली. ज्याला पूर्ण औषधदुकान नको आहे पण मधुमेहाच्या उपकरणांचे, पादत्राणांचे आणि शिकवणुकीचे एक छोटे केंद्र तालुक्याच्या गावी काढायचे आहे, त्याच्यासाठी ही वाट खर्चाने हलकी आहे. पट्ट्यांच्या धंद्यात मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मशीन स्वस्त किंवा फुकट देऊन पट्ट्यांवर नफा काढणे ही या व्यवहाराची सर्वमान्य रीत असल्यामुळे, ज्या मशीनच्या पट्ट्या गावात कायम मिळतील तेच मशीन गिऱ्हाइकाला द्यावे. पट्टी मिळत नाही म्हणून कपाटात पडून राहिलेली मशिने घरोघरी दिसतात.

आता शीतसाखळीकडे, म्हणजे औषध कारखान्यापासून रुग्णापर्यंत थंड ठेवण्याच्या व्यवस्थेकडे, वळू, कारण पुरवठ्यातले खरे कौशल्य इथे लागते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. उष्णतेने ते खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण गोठल्यानेही ते निकामी होते आणि वितळल्यावर कित्येकदा पूर्वीसारखेच दिसते, हे गोदामात नव्याने आलेल्या मुलाला माहीत नसते. तो डीप फ्रीझरमधून आइस पॅक काढतो आणि थेट इन्सुलिनच्या खोक्याला टेकवून पेटी बंद करतो. योग्य पद्धत अशी की, आइस पॅक बाहेर काढून ठेवावा, त्याला घाम येऊ द्यावा, कानाजवळ धरून हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच तो पेटीत ठेवावा, आणि तो व औषध यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा पडदा घालावा. मे महिन्यात नागपूरहून गडचिरोलीकडे निघालेल्या पेटीत किती पॅक लागतील आणि जानेवारीत नाशिकला किती, हे ज्याला तापमापकाच्या नोंदी पाहून सांगता येते, तो माणूस कोणत्याही वितरकाला हवाच असतो. आठवड्यातून एकदा घ्यायच्या नव्या इंजेक्शनांचा वापर वाढतो आहे आणि तीही थंडच ठेवावी लागतात, त्यामुळे हे काम कमी होण्याची चिन्हे नाहीत. म्हणून गोदामात पहिल्या दिवसापासून एक वही घाला आणि फ्रिजचे तापमान सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने लिहा. वीज गेल्याची वेळ आणि आल्याची वेळही तिच्यात असावी.

काउंटरवर काय यायला हवे

मधुमेहाच्या औषधांत जो फार्मासिस्ट खरोखर तरबेज आहे त्याची ओळख तो सिरिंज देताना पटते. भारतात इन्सुलिनची कुपी बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटर या तीव्रतेची असते आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. इन्सुलिनच्या पेनमधली कार्ट्रिज (औषधाची नळी), आणि काही कुप्याही, १०० युनिट प्रति मिलिलिटर असतात आणि त्या कुप्यांसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. १०० तीव्रतेचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. उलट गोंधळ झाला तर २० ऐवजी ८ च युनिट जातात आणि साखर का उतरत नाही याचा घरच्यांना आणि डॉक्टरांना पत्ता लागत नाही. म्हणून कुपी आणि सिरिंज एकत्र हातात धरून, दोन्हींवरचा आकडा गिऱ्हाइकाला वाचून दाखवल्याशिवाय पिशवीत घालू नये.

संवाद कसा असावा, याचा एक नमुना देतो. काउंटरवर वयस्कर बाई उभ्या आहेत आणि सिरिंजचे पाकीट मागत आहेत.

‘‘मावशी, घरात इन्सुलिनची बाटली कोणती आहे? सोबत आणलीय का?’’

‘‘नाही रे बाबा, नेहमीचीच आहे. सुई तेवढी दे.’’

‘‘देतो की. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी बाटली बदलली का हो?’’

‘‘हां, मुंबईहून लेकाने पाठवलीय नवी.’’

‘‘मग मावशी, लेकाला फोन लावा, बाटलीवरचा आकडा वाचायला सांगा. चाळीस असेल तर ही लाल टोपणाची. शंभर असेल तर ही अजिबात वापरायची नाही.’’

या संवादाला दोन मिनिटे लागतात. संध्याकाळच्या गर्दीत ती काढणे जड जाते हे खरे, तरी मालकाने आक्षेप घेतला तर त्याला हे काम समजावून सांगावे, आणि तरीही तो ऐकत नसेल तर दुसरे दुकान पाहावे, असे मी स्पष्टपणे सुचवतो.

याखेरीज घरी साठवण कशी करायची हे सांगणे फार्मासिस्टच्याच वाट्याला येते. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवायला सांगावे. वापरात असलेली कुपी घरातल्या थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहून द्यावी. फ्रिज नसलेल्या घरात मातीच्या माठाचा उपयोग होतो: मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात छोटे मडके, आणि मडक्यात प्लॅस्टिकच्या डबीत कुपी, अशी रचना करून वाळू रोज ओली ठेवली की आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच खाली राहते. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमा करून, झाकण घट्ट लावून परत आणायला सांगा आणि त्या गोळा करून जैववैद्यकीय कचऱ्याच्या यंत्रणेकडे देण्याची व्यवस्था तुमच्या दुकानात असू द्या. कचरा वेचणाऱ्यांच्या आणि सफाई कामगारांच्या हाताला टोचणाऱ्या सुयांमध्ये घराघरांतून आलेल्या सुयाही असतात.

मात्र मात्रा ठरवणे किंवा बदलणे हे डॉक्टरचे काम आहे. साखर ४०० आली म्हणून काउंटरवरून ‘‘चार युनिट वाढवा’’ असे सांगणारा फार्मासिस्ट उपकार करत नाही. त्याने फोन लावून डॉक्टरांशी बोलावे किंवा रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात पाठवावे.

रुग्णाला शिकवण्याचे काम

डायबेटिस एज्युकेटर म्हणून काम करणारी माणसे डॉक्टरच्या खोलीबाहेर बसतात, पण औषध लागू पडणार की नाही हे पुष्कळ वेळा त्यांच्या टेबलावर ठरते. या कामाची पहिली सवय अशी लावून घ्यावी की, रुग्णाला ‘‘इंजेक्शन नीट घेता ना?’’ असे कधीही विचारू नये. या प्रश्नाला उत्तर ‘‘हो’’ असेच येते. त्याऐवजी ‘‘काका, जरा करून दाखवा बरं’’ असे म्हणून पेन त्यांच्या हातात द्यावे आणि गप्प बसून पाहावे. गढूळ इन्सुलिन तळहातांमध्ये हलकेच फिरवून सारखे न करता टोचणे, दोन युनिट बाहेर सोडून सुईतली हवा न काढणे, बटण दाबून दहा आकडे मोजण्याआधी सुई उपसणे, एकच सुई महिनाभर वापरणे आणि रोज त्याच जागी टोचणे, यांतली एखादी तरी गोष्ट त्या दोन मिनिटांत दिसतेच. मग पोटावरून बोटे फिरवावीत. एकाच जागी टोचून टोचून त्वचेखाली रबरासारख्या गाठी झालेल्या असतील तर तिथले इन्सुलिन अनिश्चित वेगाने रक्तात जाते, आणि साखर कधी २५० तर कधी ६० का येते, याचे उत्तर तिथेच सापडते. अशा वेळी जागा बदलायला सांगताना डॉक्टरांना कळवणे आवश्यक असते, कारण चांगल्या जागी तीच मात्रा जास्त परिणाम करू शकते.

साखर एकदम उतरण्याचे शिक्षण पहिल्याच भेटीत द्यावे, पुढच्या भेटीवर ढकलू नये. ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेला, किंवा मशीन जवळ नसताना दरदरून घाम, थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. रुग्ण शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालायचे नाही, हे घरातल्या सुनेला, नातवाला, शेजाऱ्यालाही माहीत हवे.

मराठी घरांत काम करणाऱ्याने उपासाचा प्रश्न विचारल्याशिवाय रुग्णाला सोडूच नये. एकादशी, चतुर्थी, सोमवार, नवरात्र, रमजानचे रोजे, हे सगळे औषधाच्या वेळापत्रकावर परिणाम करतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी सकाळी घेऊन दुपारपर्यंत काहीच न खाणाऱ्या माणसाची साखर उतरते, आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी व रताळ्याचा कीस खाल्ल्यावर तीच वर उसळते. ‘‘उपास सोडा’’ असे सांगून काही साधत नाही, ते अनेकांच्या भावना दुखावणारेही असते. उपासाच्या दिवसाचे औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायला लावणे आणि फराळात भगरीबरोबर दाण्याची आमटी, ताक, काकडी बसवून देणे, हे एज्युकेटरचे आणि आहारतज्ज्ञाचे काम. आषाढी वारीला निघणाऱ्या रुग्णाचीही अशीच वेगळी तयारी लागते: रोजच्या चालण्याने इन्सुलिनची गरज बदलते, जेवणाची वेळ दिंडीच्या हातात असते आणि पायांवर फोड येतात.

पायांबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. ‘‘चालताना चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही’’ हे वाक्य रुग्णाच्या तोंडून ऐकले की समजावे, तळव्यांची संवेदना गेली आहे. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने, ही तपासणी काही मिनिटांत होते आणि ती परिचारिकेला, फिजिओथेरपिस्टला किंवा प्रशिक्षित साहाय्यकाला शिकता येते. रुग्णाचे बूट-मोजे काढायला लावून बोटांच्या बेचक्यांसकट दोन्ही पाय पाहणारी व्यक्ती ज्या क्लिनिकमध्ये आहे, तिथे छोटी जखम छोटी असतानाच सापडते. पाय कापावा लागण्याचे बरेच प्रसंग अशाच दुर्लक्षित फोडापासून सुरू होतात, म्हणून या क्षेत्रात एकच जादा कौशल्य शिकायचे असेल तर पायांची निगा शिकावी असे माझे मत आहे.

टाइप १ असलेल्या मुलांबरोबरचे काम वेगळ्या मनाचे असते. शाळेच्या मधल्या सुट्टीत इन्सुलिन कोण देणार, वर्गशिक्षकांना काय सांगायचे, आईचा धीर कसा टिकवायचा, हे तिथले प्रश्न असतात. छत्रपती संभाजीनगरची ‘उडान’ ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. तशा संस्थेत काही महिने स्वयंसेवक म्हणून राहिलेल्या उमेदवाराला इतरांपेक्षा पुष्कळ जास्त समजते.

सरकारी आणि संशोधनातली कामे

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत आणि ग्रामीण रुग्णालयांत एनसीडी क्लिनिक चालतात, आणि ३० वर्षांवरील लोकांची मधुमेहाची व रक्तदाबाची तपासणी आशा, आरोग्यसेविका व उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या हातून होते. समुदाय आरोग्य अधिकारी होण्यासाठी नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी आणि त्यावर कम्युनिटी हेल्थचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण असा मार्ग आहे, मात्र ही पदे बहुतांशी कंत्राटी असतात हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा. फार्मासिस्टसाठी जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकारी हे पद असते आणि बी. फार्म. झालेल्यांना महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत औषध निरीक्षक होता येते.

संशोधनाची आवड असेल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे उदाहरण पाहावे. तिथे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला आणि आईच्या पोषणाचा मुलाच्या पुढील मधुमेहाशी असलेला संबंध त्यातून उलगडत गेला. अशा प्रकल्पांना गावागावांत जाऊन नोंदी घेणारे कार्यकर्ते, नमुने जपणारे तंत्रज्ञ आणि माहितीचा ताळा ठेवणारे समन्वयक वर्षानुवर्षे लागतात.

नोकरी शोधताना आणि स्वीकारताना

पहिली नोकरी पगारापेक्षा तिथे काय पाहायला मिळते यावर निवडावी, असे मी सांगेन, अर्थात घराला तेवढी सवड असेल तर. मुलाखतीत तुम्हीही विचारा: इथे फ्रिजच्या तापमानाची नोंद आहे का? नव्या रुग्णाला शिकवायला किती वेळ देता? माझी नोंदणी कागदोपत्री लावून मी दुसरीकडे काम करावे अशी अपेक्षा आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर तिथून उठून यावे. आपले फार्मसीचे प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर भाड्याने टांगणे बेकायदा आहे, त्याने नोंदणी जाऊ शकते आणि त्या काउंटरवरून दिलेल्या प्रत्येक चुकीच्या सिरिंजची जबाबदारी तुमच्या नावावर पडते.

औषध कंपनीत वैद्यकीय प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्यांनी मार्च २०२४ पासून लागू असलेली औषध विपणनाची एकरूप आचारसंहिता वाचून जावे. डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास किंवा त्यांचा प्रवासखर्च उचलण्यास तिने मनाई केली आहे, आणि ‘टार्गेट’च्या दबावाखाली वरिष्ठ वेगळे सांगत असतील तर लेखी सूचना मागण्याचा धीर तुमच्याजवळ असायला हवा.

‘मधुमेह मुळापासून बरा करणारे’ चूर्ण, काढा, पट्टा किंवा आहारपॅकेज विकण्याचे आमंत्रण या क्षेत्रातल्या प्रत्येक नवख्याला येते, कमिशनही भरघोस असते. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचे नाव आहे आणि तो बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात हा गुन्हा आहे. अशा दाव्यावर विश्वास ठेवून इन्सुलिन बंद केलेला टाइप १ चा रुग्ण काही दिवसांत अतिदक्षता विभागात पोहोचतो.

नोकरी लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत आपल्या भागातल्या मधुमेहतज्ज्ञांची, पायाच्या जखमा पाहणाऱ्या शल्यचिकित्सकाची, डोळ्यांचा पडदा तपासणाऱ्या केंद्राची आणि रात्री उघड्या असणाऱ्या औषधदुकानांची यादी फोन क्रमांकांसह तयार करावी आणि ती काउंटरवर किंवा टेबलावर सहज दिसेल अशी ठेवावी. याच काळात एखादा मान्यताप्राप्त एज्युकेटर अभ्यासक्रम पूर्ण करावा. तो निवडताना त्यात प्रत्यक्ष रुग्णांसमोरचे प्रात्यक्षिक किती तास आहे ते पाहावे, आणि नुसती चित्रफीत पाहून परीक्षा देता येत असेल तर तेवढे पैसे प्रात्यक्षिक असलेल्या अभ्यासक्रमासाठी राखून ठेवावेत. कौन्सिलची नोंदणी मुदतीआधी नूतनीकृत करावी, आणि स्वतःचा परवाना असेल तर दर पाच वर्षांनी भरायचे शुल्क विसरू नये.